अर्ध्यातून आलेल्यांचा चहा

दिनांक सतरा, मंगळवार
दुपार, धावपट्टीजवळचं लॉज

ति. ताईस,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे. माझी विनंती शेवटी आहे आणि विशेष मध्येच कुठेतरी येईल, तेव्हा चार ओळी वाचून पत्र बाजूला टाकू नकोस. आम्ही दोघंही खुशाल आहोत. तुझी लेक घुमी वेळेवर उठते, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. मी जेवतो.

फोन का नाही केला असं तू म्हणणारच. केला होता की काल. "बडबड्या, मुद्द्याचं बोल" म्हणालीस, आणि मुद्द्याचं म्हणजे नेमकं जे मला फोनवर सांगायचं नव्हतं तेच. म्हणून मी "आवाज तुटतोय" म्हणून ठेवून दिला. आवाज चांगला खणखणीत येत होता. कागदावर तू मला मध्ये तोडू शकत नाहीस, म्हणून हे लिहितोय. कुरियरवाला म्हणतो उद्या दुपारी तुझ्या लॅबमध्ये पोचेल. जेवणाच्या सुट्टीत वाच. हातात रक्ताच्या नळ्या असताना वाचू नकोस.

आधी गोड बातमी. घुमीची अट तुला ठाऊकच आहे, आधी डॉक्टर, मग विमानाची शाळा. डोळेच नापास झाले तर शाळा बघून करायचंय काय, असं तिचं म्हणणं. तर शेजारच्या काकूंना सांग, चष्मेवाली मुलगीही विमान चालवू शकते. वैद्यकीय तपासणीत चष्म्यासकट पास झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिचा चष्मा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "काचा कुणी बसवल्या? सेंटर अगदी बरोबर आहे." मी कोपऱ्यात उभा होतो. चष्म्याचं दुकान उघडल्यापासून एवढं सुख मला कुठल्या गिऱ्हाइकाने दिलं नव्हतं.

आता मोठी अकादमी. तू निवडलेली. तुझी निवड वाईट नाही, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. काचेची इमारत, बुटाचा आवाज होऊ नये एवढा जाड गालिचा. पहिल्या दिवसापासून पांढरा शर्ट आणि खांद्यावर पट्टी. वर्ग, वसतिगृह, विमानं, सगळं एका आवारात. सिम्युलेटर म्हणजे नुसतं जमिनीवर बसवलेलं खोटं विमान, पण त्यात बसलं की हात आपोआप खुर्ची घट्ट धरतो. मी बसलो होतो, म्हणून सांगतो. एका दाराने मूल आत शिरतं आणि दीडदोन वर्षांनी दुसऱ्या दाराने बाहेर पडतं ते थेट विमान कंपनीत. शिकवणारे हुशार, मुलं तरतरीत, जेवणाच्या खोलीत सूप दोन तऱ्हेचं.

प्रवेशाचं काम बघणारा एक तरुण साहेब होता. बिनकाठाचा चष्मा, डाव्या काचेवर अंगठ्याचा ठसा. सगळा वेळ मला त्याचा चष्मा काढून पुसावासा वाटत होता. घुमीने त्याला एकच प्रश्न विचारला. सगळीकडे तोच एक प्रश्न विचारायचा, असं तिने ठरवलं होतं. "हवा बिघडली म्हणून एखादा विद्यार्थी अर्ध्यातून परत आला, तर पुढे काय होतं?"

साहेब हसला. म्हणाला, "तो पाठ पुन्हा घ्यावा लागतो. थोडं तुकडीच्या मागे पडायला होतं. पण काळजी करू नका, आमच्याकडचा विद्यार्थी अर्ध्यातून परत येत नाही."

हे वाक्य तो छाती फुगवून बोलला, आणि मलाही ते आवडलं. कारण मला तू आठवलीस. आम्ही निघालो तेव्हा स्टँडवर घुमी पाण्याची बाटली भरायला गेली आणि तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "तिला अशा ठिकाणी घाल, जिथून अर्ध्यातून परत यायला वाटच नसेल. माझं झालं ते झालं. तिला कुणी तो शब्द लावता कामा नये." कुठला शब्द, ते तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. आपल्या घरात तो कुणी उच्चारतच नाही. बाहेरच्यांनी पुष्कळ उच्चारलाय. परत आलेली. बघ, लिहिला. हात काही झडला नाही.

दुसऱ्या शाळेबद्दल फार लिहीत नाही. विमानांपेक्षा विद्यार्थी जास्त, आणि विद्यार्थ्यांपेक्षा खुर्च्या जास्त. सगळे बसलेले. एकाला विचारलं, "कधीपासून बसलायस?" तो म्हणाला, "काका, मी आता इथलं फर्निचर झालोय." घुमीने आपला प्रश्न न विचारताच दप्तर उचललं.

तिसरी शाळा तुझ्या यादीत नव्हती. माझ्याही नव्हती. घुमीच्या मनात होती, आणि ती बोलत नाही म्हणून आपल्याला कळलं नाही. ती गप्प असते म्हणून आपण तिला घुमी म्हणतो खरं, पण गप्प माणसाच्या डोक्यात काय शिजतंय हे शेजारी बसणाऱ्यालाही कळत नाही, हे या आठवड्यात शिकलो.

गावाबाहेर गवताची पट्टी, तिच्या मध्ये एक डांबरी धावपट्टी, कडेला पत्र्याची मोठी शेड. तीन लहान विमानं. एकाचं पोट उघडून मेकॅनिक आत डोकं घालून बसला होता. गालिचा नाही, पट्ट्या नाहीत. इथे सगळं एका दमात होत नाही. आधी स्वतःपुरतं लायसन्स. मग उड्डाणाचे तास साठवायचे. मग बाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांकडे बघून विमान चालवायला शिकायचं, मग व्यावसायिक लायसन्स, मग दोन इंजिनांचं. त्यानंतर बहुतेक मुलं काही काळ इथेच धाकट्यांना शिकवतात आणि मग विमान कंपनीच्या परीक्षांना बसतात. मध्ये थांबता येतं, नोकरी करता येते. पण शेवटी कुठली कंपनी दारात वाट बघत उभी नसते. लांबची वाट आहे, ताई. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

शेडच्या टोकाला त्यांची बसायची खोली. आम्ही आत गेलो तर एक लांबट पोरगा खोलीतल्या एकुलत्या एका गादीच्या खुर्चीत पाय पसरून बसलेला, आणि दुसरा त्याच्या हातात वाफाळता चहा देतोय. बाकीचे सतरंजीवर. सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत. मला वाटलं, पोराने काहीतरी मोठा पराक्रम केलेला दिसतोय. तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "वा, अभिनंदन. नाव काढलंस."

तो म्हणाला, "काका, मी पोचलोच नाही. अर्ध्यातून परत आलो."

मी पटकन सूर बदलला. "अरे असू दे, असू दे. होतं असं. पुढच्या वेळी होईल नीट." खांद्यावर थोपटलंसुद्धा. आणि सगळी खोली खदखदून हसायला लागली. चहा देणाऱ्याच्या हातातलं किटलीचं झाकण पडलं.

मग कळलं ते असं. इथे प्रत्येक उड्डाणाआधी विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्यासमोर उभं राहून मोठ्याने सांगायचं, 'मी कुठून परत येईन'. ढग इतके खाली आले तर, वारा इतका वाढला तर, इंधनाचा काटा इथे आला तर. कुठे जाणार हे कुणी विचारत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. आणि संध्याकाळी जो ठरल्या ठिकाणी पोचून आला, त्याने चहा करायचा. जो अर्ध्यातून परत फिरला, त्याने खुर्चीत बसून तो प्यायचा आणि का फिरलो ते सांगायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. कुणी मध्ये शहाणपण शिकवायचं नाही.

ही पद्धत घालून देणाऱ्या बाई म्हणजे तिथल्या मुख्य शिक्षिका. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. साठीच्या आतबाहेर, बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात. कितीतरी वर्षं मोठी विमानं चालवून मग इथे येऊन राहिल्यात. मला म्हणाल्या, "पुढे जायला कुणालाही शिकवता येतं हो. पुढे जायचा मोह सगळ्यांना असतोच. मागे फिरताना पोरांना लाज वाटते. ती लाज घालवायला मला चहा लागतो."

घुमीने आपला प्रश्न इथेही विचारला नाही. गरजच उरली नव्हती. पण मी तिच्याकडे पाहिलं. अगं, ती हसत होती. दात दिसेपर्यंत.

आता विशेष येतंय. सावरून बस.

काल सकाळी बाईंनी तिला वर नेलं. शाळा निवडण्याआधी एकदा बसून बघतात तशी सफर. पुढे डावीकडे घुमी, उजवीकडे बाई, मागे मी. तुला आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून नाही सांगितलं. मी रामरक्षा येते तेवढी म्हटली, उरलेली पुन्हा पहिल्यापासून. ठरलं असं की नदी जिथे मोठं वळण घेते तिथपर्यंत जायचं आणि यायचं. निघण्याआधी बाई म्हणाल्या, "बोल, कुठून परत येशील?" घुमी म्हणाली, "पुढच्या डोंगराचा माथा दिसेनासा झाला की."

वर गेल्यावर बाईंनी चाक तिच्या हातात दिलं. ताई, ते हात बघायला हवे होतेस. तू सुई टोचताना तुझे असतात ना, तसे. घट्ट नाहीत, सैल नाहीत. माझी रामरक्षा तिसऱ्यांदा सुरू झाली होती आणि ही पोरगी काट्यांकडे बघतेय, बाहेर बघतेय, पुन्हा काट्यांकडे. जन्मभर हेच करत आल्यासारखी. मी फोन काढून ठेवला होता, नदीच्या वळणाचा फोटो काढून तुला पाठवायचा म्हणून.

वळण पुढे दिसायला लागलं होतं, आणि समोर धुरकट व्हायला लागलं. फार नाही. आपल्या गच्चीवरून लांबचं बघताना दिसतं तेवढंच. मी मागून म्हटलं, "आलंच की गं. थोडं पुढे घे, आईला फोटो पाठवू."

घुमी म्हणाली, "परत."

बाईंचे हात मांडीवरच. त्यांनी विचारलं, "का?"

"माथा दिसत नाही."

"तुझे मामा म्हणतायत दिसतोय."

"मामाचा नंबर वाढलाय," घुमी म्हणाली, आणि तिने विमान वळवलं. शांतपणे, मोठा वळसा घेऊन. माझ्या धंद्यावर एवढा घाव कुणी घातला नव्हता. खाली आल्यावर स्वतःचे डोळे तपासायला हवेत हे मनाशी कबूल केलं.

पुढचं ऐक. आम्ही उतरलो, शेडपर्यंत चालत आलो, आणि वर बघतो तर आभाळ लख्ख. डोंगराचा माथा पाटीवर खडूने काढावा तसा स्पष्ट. मी म्हटलंच, "बघा, उगाच फिरलो. थोडा दम धरला असता तर पोचलो असतो."

बाईंनी चष्मा डोळ्यांवरून काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतला बाक आठवला. म्हणाल्या, "परत आलेल्याला हे सगळेच ऐकवतात. थोडा दम धरला असता तर. पण तिने तिथे काय दिसत होतं त्यावर ठरवायचं होतं. इथे काय दिसतंय त्यावर नाही."

मी माझा चष्मा काढून पुसायला घेतला.

संध्याकाळी खुर्ची घुमीची. त्या लांबट पोराने चहा केला, या खेपेला तो ठरल्या ठिकाणी पोचून आला होता ना. पोरं सतरंजीवर बसली. बाईंनी विचारलं, "मामा मागून ढकलत होते, वळण समोर दिसत होतं, तरी एका शब्दात फिरलीस. पहिल्याच दिवशी हे कुणाला जमत नाही. कुणी शिकवलं?"

घुमीने कप खाली ठेवला. म्हणाली, "आईने."

ताई, आता जे लिहितोय ते तिने मला लिहायला सांगितलेलं नाही. पण नको असंही म्हटलेलं नाही. तू नेहमी म्हणतेस, ती चार वर्षांची होती, तिला काही आठवत नाही, बरं झालं. तिला आठवतं.

तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो. "आम्ही बाबांच्या नव्या नोकरीच्या गावाला निघालो होतो. बस चहासाठी थांबली होती. माझ्या हातून दूध सांडलं. बाबांनी मला मारलं. त्याआधी आईला मारायचे, मला कधी नाही. आईने मला उचललं, रस्ता ओलांडला आणि समोर उलट्या दिशेला तोंड करून एक बस उभी होती तिच्यात चढली. मला खिडकीशी बसवलं. सामान तिकडेच राहिलं. आईने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आई एकच शब्द बोलली, परत. अगदी साध्या आवाजात. ती घाबरली नव्हती, म्हणून मीपण घाबरले नाही."

एवढं सांगून तिने कप उचलला. मग बाई उठल्या, त्यांनी किटली घेतली आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला. बाई स्वतः कधी कुणाला चहा देत नाहीत, असं त्या लांबट पोराने मला नंतर सांगितलं.

मी बाहेर जाऊन विमानाच्या शेपटीपाशी उभा राहिलो. मेकॅनिकने विचारलं, "काका, डोळ्यात ऑइल गेलं का?" हो म्हटलं.

ताई, मला त्या दिवसाची दारातली तू आठवतेस. कडेवर ही, हातात पर्ससुद्धा नाही. आप्पांनी दार उघडलं, तू पाणी मागितलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सायकल मागितलीस आणि लॅबमध्ये काम विचारायला गेलीस. सायकल तुला उंच होती, एका पायाने ढकलत फाटकाबाहेर काढलीस. आणि मग काय काय ऐकलंस. "थोडं सोसलं असतं तर." "नवी जागा, नवी नोकरी, सुधारलाही असता." एक मावशी तर आपल्याच घरात बसून म्हणाली होती, दूध सांडलं म्हणून कुणी संसार सांडतं का. तू तिला पान वाढत होतीस. वाढत राहिलीस.

त्या सगळ्यांना तिथे काय दिसत होतं ते दिसलं नव्हतं. तुला दिसलं होतं. मी हे तुला कधी बोललो नाही, कारण तो विषयच आपण बंद करून टाकला होता. आता बोलतो. आपल्या घराण्यात धाडसाची कामं फारशी कुणी केलेली नाहीत. आप्पांनी एकदा साप मारला, तोही बिनविषारी निघाला. जे एक खरं धाडस झालं ते तू केलंस, आणि ते रस्ता ओलांडण्याएवढं होतं. मला तुझा फार अभिमान वाटतो. तेव्हाही वाटला होता.

आता विनंती. घुमीला इथे शिकायचंय. ती हे तुला सांगणार नाही. काल रात्री जेवताना म्हणाली, "आईने माझ्यासाठी अकादमी ठरवलीय. आई म्हणेल तिथे मी जाईन, आणि नीट शिकेन." तिचं हे खरं आहे. ती जाईल, पांढरा शर्ट घालेल, पहिलीदुसरी येईल, तक्रार करणार नाही. तुझीच पोरगी ती. अकादमीला शुक्रवारी होकार कळवायचा आहे आणि तो तुझ्याच फोनवरून जायचा आहे. जिथून परत यायला वाटच नाही अशी जागा तू तिच्यासाठी शोधलीस, यात माया आहे हे मला कळतं. पण तिला परत यायला येतं, ताई. तू तिच्याकडून तेच काढून घेऊ नकोस.

रागावलीस तर माझ्यावर रागाव. मला सवय आहे.

तुझा धाकटा,
तुझ्या धाडसाच्या दिवशी दारात उभा असलेला,
बडबड्या

•

दिनांक एकोणीस, गुरुवार
लॅब, जेवणाची सुट्टी

चि. घुमीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या मामाचं पत्र काल मिळालं. त्यातलं अर्धं त्याच्या स्वतःबद्दल आहे. मी त्याला वेगळं उत्तर देणार नाही, हेच वाचून दाखव. आणि त्याला म्हणावं, पुढल्या वेळी विमानात बसायचं असेल तर आधी मला सांगायचं.

रिपोर्ट आधी देते, गप्पा नंतर. अकादमीला आज सकाळी फोन केला. जागा नको म्हणून कळवलं. फोनवरच्या मुलाने कारण विचारलं. मी म्हटलं, मुलीला तिकडे यायचं नाही. तो म्हणाला, अशी संधी पुन्हा येत नाही, उद्यापर्यंत विचार करा. मी त्याला म्हटलं, अशाच वाक्यावर मी एकदा पाच वर्षं थांबले होते. तो बिचारा घाबरून सॉरी म्हणाला. त्याची काही चूक नव्हती.

तुझ्या बाईंना नमस्कार सांग. लांबचा रस्ता आहे तर लांबचा. जितकी वर्षं लागतील तितकी घे. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांब, घरी यावंसं वाटलं तर ये. आधी कळवलंस तर बरं, तुझ्या खोलीत मी शिलाई मशीन ठेवलंय.

आता ते दुसरं. तुला आठवतं हे मला माहीत नव्हतं. काल पत्र वाचलं आणि दुपारभर एकही नमुना हातात घेतला नाही, दुसऱ्या मुलीला करायला सांगितलं. मामा लिहितो ते अभिमानाचं वगैरे मी दोनदा वाचलं. पण चुकीचा रिपोर्ट माझ्या टेबलावरून कधी गेलेला नाही, आणि तू चार पोरांसमोर माझा दिलास, त्यात दोन चुका आहेत. त्या दुरुस्त करते.

मी मागे वळून पाहिलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतीस म्हणून तुला दिसलं नाही. बस सुटेपर्यंत पाहत होते. तुझे बाबा हात पुसत होते. मला वाटत होतं त्यांनी रस्ता ओलांडून यावं. का वाटत होतं ते मला आजही सांगता येत नाही.

आणि मी घाबरले नव्हते हे खरं नाही. आयुष्यात तेवढी कधी घाबरले नाही, ना आधी, ना नंतर. कंडक्टर तिकिटाला आला, म्हणाला, कुठलं देऊ? आणि मला माझ्या गावाचं नाव आठवेना. जिथे जन्मले, वाढले, शाळेत गेले, त्या गावाचं नाव. तो पुन्हा म्हणाला, बाई, कुठे जायचं? मी तोंड उघडलं आणि परत एवढंच आलं. तू ऐकलास तो शब्द मी तुला म्हटलेला नव्हता, बाळा. कंडक्टरला म्हटला होता, कारण दुसरा कुठला येत नव्हता. त्याने तुझ्या गालाकडे पाहिलं, काही विचारलं नाही आणि शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडून दिलं. आपण त्याच्या आधीच उतरलो.

हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. एक दिवस तू वर एकटी असशील आणि तुझे हात कापतील. तेव्हा आईचे कापले नव्हते असं मनात आणून स्वतःवर चिडू नकोस. कापले होते. त्याच हातांनी तुला धरलं होतं.

तुझी,
परत आलेली,
आई